रेडिओचं लायसन आणि भाच्याचा प्रश्न

लंडनजवळ हाउन्स्लोला राहणारा माझा भाचा हिशेबाला पक्का आणि वादाला त्याहून पक्का. परवा फोनवर म्हणाला, "मामा, इथे टीव्ही बघायला लायसन लागतं. वर्षाला पावणेदोनशे पौंड. मी बीबीसी बघत नाही. मग मी का भरू?"

"नको भरूस," मी म्हटलं. दुसऱ्याच्या खर्चाच्या बाबतीत मी पहिल्यापासून बेधडक आहे.

"पण आपल्या मराठी मालिका बघतो ना. हिला त्यांच्याशिवाय जेवण जात नाही."

इथेच खरी गंमत आहे. ब्रिटनच्या कायद्याला तुम्ही बीबीसी बघता की नाही याच्याशी देणंघेणं नाही. कुठल्याही वाहिनीवरचा कुठलाही कार्यक्रम, तो लागलेला असतानाच बघायचा असेल तर लायसन हवं. मग ती वाहिनी लंडनची असो की मुंबईहून उपग्रहावर चढलेली. मात्र तोच भाग दुसऱ्या दिवशी एखाद्या खासगी ॲपवर बघितला तर एक पेनी पडत नाही. म्हणजे सासूने सुनेच्या दुधात काय कालवलं, हे आज रात्री आठला कळायला हवं असेल तर बीबीसीला पैसे द्यायचे. उद्या कळलं तरी चालणार असेल तर फुकट. आपल्या मालिकांची चाल पाहता एका दिवसाने काहीही बुडत नाही. दुधाचा पेला ओठापर्यंत पोचायला आठवडा लागतो. मी भाच्याला तसं सुचवलंही. "मी तेच म्हणतो मामा, पण ही ऐकत नाही," तो म्हणाला. एकूण काय, त्या घरात ब्रिटनच्या सार्वजनिक प्रसारणाचा भार आमच्याकडच्या सासवा आणि सुना मिळून उचलतात.

हा आकडा २०२५च्या एप्रिलमध्ये १७४ पौंड ५० पेन्स झाला. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही असेल तर तिसऱ्या हिश्श्यात भागतं, आणि आजही काही हजार घरं ते स्वस्तातलं लायसन काढतात. त्यातले खरोखरचे कृष्णधवल किती आणि पौंडाचे रंग ओळखणारे किती, हे देव जाणे. अंध माणसाला निम्मी सवलत आहे. २००० पासून २०२०पर्यंत पंच्याहत्तरी उलटलेल्या सगळ्यांना लायसन माफ होतं. आपण पंच्याहत्तरीला शाल आणि श्रीफळ देतो, ते टीव्ही देत होते. मग सरकारने ती माफीची जबाबदारी बीबीसीच्या गळ्यात घातली, आणि बीबीसीने हिशेब करून ती फक्त गरीब पेन्शनरांपुरती ठेवली. शालीचा खर्च सत्कारमूर्तीवर टाकण्याची युक्ती आपल्याकडेच निघाली असा माझा समज होता.

भाच्याला हे सगळं परदेशी वाटतं, कारण तो जन्मला तोवर आपल्याकडचं लायसन गेलं होतं. आमच्या पिढीला मात्र 'रेडिओचं लायसन' म्हटलं की पोस्ट ऑफिस आठवतं. पासबुकासारखं एक पुस्तक असायचं. दर वर्षी ते घेऊन पोस्टात जायचं, पंधरा रुपये भरायचे, आणि पोस्टमास्तर त्यावर ठप्पा मारायचे. ठप्पा असा बसायचा की रेडिओचा कान फुटावा. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा असे दोन साहेबी कायदे त्या पुस्तकाच्या पाठीशी उभे असायचे. घरात रेडिओ आहे हे लपवणं मोठं कठीण. आधी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगलेली जाळीची एरियल चुगली करायची, पुढे गच्चीवरचा अँटेना. पुण्यात तर साऱ्या गच्च्यांवरचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभे असत, कारण मुंबई दूरदर्शनचा कार्यक्रम पुण्याला तिथून मिळे. इन्स्पेक्टरला नुसतं वर बघितलं तरी पुरे.

हिंदुस्थानात हा व्यवहार सुरू झाला मुंबईत. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. लायसन दहा रुपयांचं. त्यातले आठ कंपनीला, उरलेले सरकारला. हिशेब कागदावर सुरेख होता. पण साऱ्या देशात मिळून लायसनं सात-आठ हजारांच्या पुढे सरकेनात. ऐकणारे बहुधा त्याहून बरेच असावेत. शेजारच्याचा रेडिओ भिंतीतून ऐकण्याची कला आपल्याकडे उपजतच आहे. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत कंपनीने मान टाकली आणि १९३०मध्ये सरकारला ते बाळ दत्तक घ्यावं लागलं. ऐकणाऱ्यानेच भरावं, हा न्याय किती रास्त! पण ऐकणारा मोजायचा कसा, ही त्याची अडचण आहे. पुस्तक वाचणारा हातात पुस्तक धरून दिसतो. रेडिओ ऐकणारा भाजी निवडत असतो.

पुढे स्वातंत्र्य आलं आणि लायसनच्या कथेत सर्वांत मजेदार प्रकरण घडलं. १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीतावर जीव. त्यांना सिनेमाची गाणी उथळ वाटत. त्यांच्या अमलात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपारच झालं. लोकांनी मोर्चा काढला नाही, पत्रकं छापली नाहीत. त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. तिथे त्याच सुमारास अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. झालं! पैसे दिल्लीला भरायचे आणि कान कोलंबोला द्यायचा. लायसनच्या पुस्तकावर भारत सरकारचा ठप्पा, आणि बुधवारी रात्री सारं घर परदेशात. कोलंबोवाल्यांनी यासाठी आपल्याकडून छदामही घेतला नाही. बिनाका टूथपेस्टवाल्याने त्यांचं भागवलं. म्हणजे भाच्याचा जो प्रश्न आहे, 'मी ज्याला भरतो त्याचं बघत नाही', तो आमच्या वाडवडिलांनी सत्तर वर्षांपूर्वी जगून दाखवलेला आहे. आणि त्यांनी बडबड न करता भरलं. काहींनी तर न भरताच बडबड केली नाही.

शेवटी १९५७मध्ये विविध भारती काढावी लागली. दहा वर्षांनी, १९६७मध्ये, मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिरातीही आल्या. तेव्हा श्रोत्याची दुहेरी सोय झाली: पंधरा रुपये भरा, आणि वर साबणाची जाहिरातही ऐका. त्यावरही कोणी फारसं बोललं नाही. गाणं लागत होतं ना.

आता थोडं इन्स्पेक्टरबद्दल, कारण 'कोणी भरावं' या तात्त्विक प्रश्नाचं उत्तर व्यवहारात 'जो दार उघडतो त्याने' असं निघतं. लायसन तपासणारा माणूस येणार दुपारी. दुपारी घरात कोण? आमच्या आळीत तो आल्याची बातमी त्याच्या पुढे धावायची. मग रेडिओवर दुलई पडायची, वर गाद्या रचल्या जायच्या, आणि आई दारात उभी राहून चेहऱ्यावर अशी काही निरागसता आणायची की मार्कोनी कोण हेही या बाईला ठाऊक नसावं. ही विनोदी आठवण म्हणून मी सांगत असे. पण ब्रिटनमध्ये हेच दृश्य कोर्टात जातं. लायसन नसल्याबद्दल तिथे हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दोषी ठरणाऱ्यांत बायकांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर आहे. बायका जास्त लबाड आहेत म्हणून नव्हे. दिवसा घरी त्या असतात, दार त्या उघडतात आणि दारात आलेल्या माणसाशी सभ्यपणे बोलतात. फुटबॉल बघणारा नवरा कामावर, आणि सही करून अडकते बायको. एखादा कर दिसायला कितीही सरळ असो, तो वसूल करायला दारोदार माणूस पाठवावा लागत असेल तर तो गरिबावर आणि घरातल्या बाईवरच जाऊन बसतो. लायसनच्या विरोधात मला पटलेला हा एकच मुद्दा आहे, पण तो भक्कम आहे.

जर्मनांनी यावर जर्मन तोडगा काढला. तिथेही पूर्वी घरात संच आहे का याची चौकशी चाले. २०१३पासून त्यांनी चौकशीच बंद केली. घर आहे? मग भरा. टीव्ही एक असो, पाच असोत, नसो. राहणारे दोघे असोत की दहा. सध्या महिन्याला १८ युरो ३६ सेंट. तुम्ही म्हणाल, माझ्याकडे टीव्ही नाही. ते म्हणतील, पण भिंती आहेत ना? २०१८मध्ये हा वाद त्यांच्या घटना न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने व्यवस्था उचलून धरली, फक्त ज्याची दोन घरं आहेत त्याला दोनदा भरायला लावू नका, एक माणूस एका वेळी एकाच घरातून ऐकतो, असा निवाडा दिला. मुळशीला फार्महाऊस असलेल्या आमच्या पुणेकर मित्रांना जर्मन न्यायव्यवस्थेबद्दल यामुळे फार आदर वाटेल. स्वीडनने २०१९पासून कर उत्पन्नावर बसवला, टक्काभर, आणि त्याला वरून मर्यादा घातली. इटलीने २०१६मध्ये तो विजेच्या बिलात घुसवला. चुकवणाऱ्यांची संख्या एका वर्षात घसरली, कारण अंधारात बसून तत्त्वासाठी लढणारे थोडेच असतात. फ्रान्सने २०२२मध्ये तो रद्दच करून टाकला.

भाच्याला मी आपल्या घरपट्टीचं बिल वाचायला सांगितलं. गावाकडे ग्रामपंचायतीच्या पावतीवर 'दिवाबत्ती कर' असतो. तुम्ही रात्री बाहेर पडता का, हे ग्रामसेवक विचारत नाही. दिवेलागणीला जेवून नऊला झोपणारा माणूसही भरतो, आणि तो दिवा आहे म्हणून त्याच्या दारावरून चोर जरा लांबून जातो. शहरात तर विचारूच नका. मूलबाळ नसलेल्यालाही शिक्षण उपकर, ज्याच्या खिडकीतून एकही पान दिसत नाही त्यालाही वृक्ष कर. नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापतात. तो १९७५मध्ये रोजगार हमीसाठी सुरू झाला. महिन्याला दोनशे, आणि फेब्रुवारीत तीनशे. दिवस कमी आणि कर जास्त असा तो एकच महिना आहे. गिट्टी फोडायला आपण कधी गेलो नाही. पण दुष्काळात कोणीतरी गेलं आणि जगलं, त्याचे ते पैसे. मराठी माणूस हे भरतो, कुरकुरतो आणि पुन्हा भरतो. त्याच न्यायाने आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र मच्छिमारांना वादळाचा इशारा देतं, त्याचे पैसे होडी नसलेल्या लातूरकरानेही द्यायला हवेत. १९५४पासून चाललेल्या आकाशवाणी संगीत संमेलनाचा खर्च ज्याला यमन आणि बिहाग एकच वाटतात त्यानेही उचलायला हवा. ज्याचा बाजार नाही ते कोणी ऐकवायचं? ज्याचा बाजार आहे त्याला सरकारची गरजच काय?

इथवर भाचा गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पण दिवा बोलत नाही."

मुद्दा त्याने बरोबर पकडला. रस्त्यावरचा दिवा तुम्हाला कुठल्या बाजूने चालायचं ते सांगत नाही, आणि आमदारांच्या घरासमोर आला की जास्त उजळतही नाही. (हे उदाहरण जरा जपून वापरायला हवं.) प्रसारण बोलतं. आणि बोलणारा बहुधा पगार देणाऱ्याचं ऐकून बोलतो. म्हणून 'कोणी भरावं' हा प्रश्न उरकला, तरी 'कोणाच्या हातून भरावं' हा उरतोच, आणि मला तोच मोठा वाटतो.

आपल्याकडे १९८५मध्ये लायसन गेलं. लोकांनी पेढे वाटले नसतील, पण पोस्टातली एक रांग गेली याचा आनंद झाला. वसुलीला येणारा खर्च, चुकवेगिरी आणि जाहिरातींचं वाढतं उत्पन्न पाहता निर्णय समजण्यासारखा होता. पण कर गेला असं जे सगळ्यांना वाटलं ते खरं नव्हे. कर फक्त दिसेनासा झाला. आज आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला केंद्राच्या अर्थसंकल्पातून वर्षाला अडीच हजार कोटींच्या आसपास मिळतात. एकशे चाळीस कोटींनी भागलं तर डोईमागे अठरा रुपये. जुनं रेडिओचं लायसन पंधराचं होतं! त्या पंधरांची किंमत तेव्हा कितीतरी जास्त होती आणि ते घरटी होते हे मान्य, तरी हा आकडा पाहून मला जुना ओळखीचा माणूस वेष पालटून भेटल्यासारखं वाटलं. हे अठरा रुपये साबण घेणारा भरतो, काडेपेटी घेणारा भरतो. पाळण्यातलं पोरही पावडरीच्या डब्यामागे थोडंफार भरतं. इंग्लंडात निदान जो टीव्ही बघत नाही तो सुटतो. आपल्याकडे कोणी सुटत नाही आणि कोणाला कळतही नाही. म्हणून तिकडे दर वर्षी भांडण होतं आणि इकडे होत नाही.

ते भांडण मला हेवा वाटावा असं आहे. बीबीसीने एखादी बातमी वाकडी दिली की तिथला पेन्शनर तावातावाने म्हणतो, माझ्या लायसनच्या पैशातून? जपानमध्ये एनएचके या सार्वजनिक प्रसारकाच्या वर्गणीला वैतागून लोकांनी पक्षच काढला, आणि २०१९मध्ये वरिष्ठ सभागृहात त्याचा एक सदस्य निवडूनही गेला. आपल्याकडे दूरदर्शनच्या बातम्यांत पहिली दहा मिनिटं उद्घाटनांची गेली तर आपण काय करतो? वाहिनी बदलतो. केसकरांच्या वेळी काटा फिरवला, आता रिमोट दाबतो. 'माझ्या पैशातून' हे शब्द आपल्याला सुचत नाहीत, कारण पैसे दिल्याचं आठवतच नाही. ज्याला आठवतं ते माहिती आणि प्रसारण मंत्रालय. आणि ज्याच्या हाती ससा तो पारधी. प्रसार भारतीचा कायदा १९९०मध्ये झाला आणि १९९७मध्ये अमलात आला. स्वायत्तता कागदावर आहे. पण स्वायत्त मुलाचा पगार वडिलांच्या खात्यातून येत असेल तर तो जेवताना फार वाद घालत नाही.

आपण मात्र दुसऱ्यांच्या पैशावर ऐकण्यात वाकबगार आहोत. बीबीसीची मराठी सेवा २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाली. ती सुरू झाली ब्रिटिश सरकारच्या अनुदानावर, आणि बीबीसीच्या जागतिक सेवेचा मोठा बोजा २०१४पासून लायसनवाल्यांच्या खांद्यावर आहे. म्हणजे यॉर्कशायरमधली कोणी आजीबाई पौंड मोजते, अनुदानासाठी करही भरते, आणि लातूरच्या टपरीवर चहा पिणारा मोबाइलवर मराठी बातमी वाचून 'हे बीबीसीवाले पक्षपाती आहेत' असं फुकटात म्हणतो. आजीबाईंना हे कोणी सांगितलेलं नसावं. आणि आपल्या डीडी फ्री डिशवर तर खासगी वाहिन्याच जागा मिळवायला लिलावात कोटींची बोली लावतात आणि प्रेक्षक महिन्याला काही न देता बघतो. सिलोनच्या टूथपेस्टची ही नातवंडं.

माझं उत्तर असं. लायसन परत नको; गाद्यांखाली रेडिओ लपवण्याइतकी ताकद आता कोणाच्या आईत उरलेली नाही, आणि मोबाइल लपवायला गादी लागतही नाही. इन्स्पेक्टर तर अजिबात नको. अडीच हजार कोटी देशातल्या तीसेक कोटी घरांवर वाटले तर घरामागे महिन्याला सात रुपये येतात. ते विजेच्या बिलातून घ्यावेत. शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्यांना माफी द्यावी, उरलेल्यांकडून बारा-पंधरा घ्यावेत. विजेच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार इतकी मंडळी आधीच दाटीवाटीने बसलेली आहेत. त्यांना थोडं सरकायला सांगून 'आकाशवाणी-दूरदर्शन आकार' अशी एक ओळ बसवावी. हे पैसे मंत्रालयात न जाता थेट प्रसार भारतीकडे जावेत, आणि तेवढे सरकारी अनुदानातून वजा व्हावेत. नाहीतर दोन्हीकडून घेण्याची आपली जुनी रीत आहेच. इतकं सगळं झालं तरी बातम्या लगेच सुधारतील अशी आशा मी धरत नाही. बारा रुपयांत माणूस काय काय मागणार? पण मागायला सुरुवात तरी होईल.

तेव्हा सरकारला एवढीच विनंती की पैसे आताही घेताच आहात, ते बिलावर छापून घ्या, आणि त्याच ओळीखाली तक्रार कुठे करायची तो पत्ताही छापा.